फाटकोबाची आंघोळ

गेल्या मे महिन्यात एक गृहस्थ मला शोधत एडवणला आले. बंद पडलेल्या रेल्वेलाइनींचा इतिहास गोळा करतात म्हणे. ओटीवर बसून त्यांनी वही उघडली आणि विचारायला सुरुवात केली. बोईसर-सागपाणी लाइनीवर इंजिनं कुठल्या बनावटीची होती, दोन रुळांत अंतर किती होतं, इंजिन पाणी कुठे घ्यायचं. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, आता बायडीचं लिहून घ्या. ही कोण, त्यांनी विचारलं. हेदपाड्याची फाटकवाली, मी म्हटलं. त्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि हसून म्हणाले, तसं नको काका, मला लाइनीचा इतिहास हवाय.

माझं डोकंच फिरलं. आमची जयवंती चहा घेऊन येत होती, ती दारातूनच माघारी वळली. माझा आवाज चढला की ती आधी कपबशा वाचवते. गृहस्थ चहा न घेताच गेले. नंतर ती म्हणाली, एवढं ओरडायचं होतं तर लिहून का नाही काढत? चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला माझं दुखणं बरोबर कळतं. म्हणून लिहितोय. मी नरहरी, सागपाणी लाइनीवरचा शेवटचा तिकीटबाबू. इंजिनं ज्याला हवीत त्याने इथूनच उठावं.

लाइन अकरा मैलांची. छोट्या रुळांची, बोईसरहून उगवतीकडे डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाणारी. माणसांसाठी ती बांधलीच नव्हती, ती बांधली गवतासाठी. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींना गवत हवं, ते डोंगरावर वारली लोकांनी कापायचं, वखारीत दाबून त्याच्या गाठी करायच्या आणि गाडीने बोईसरला पोचवायच्या. गाठींच्या मागे माणसांसाठी एक डबा जोडलेला असे. सकाळी एक फेरी, दिवेलागणीला एक. सगळा मुलूख तिला गवतगाडी म्हणे. मी बावीस वर्षांचा असताना, चौऱ्याऐंशी साली, सागपाणी स्टेशनात चिकटलो. शर्टाला इस्त्री, खिशात दोन पेनं आणि आपण फार मोठे साहेब आहोत असा समज. तो समज बायडीने पहिल्याच महिन्यात उतरवला.

हेदपाड्याला बैलगाडीची वाट रुळांना आडवी जायची, तिथे फाटक. फाटकावर नोकरी जिवल्याची, आणि त्याच्या आधी त्याच्या बाप-आजाची. बायडी जिवल्याची बायको, तेव्हा असेल अठ्ठावीसेक वर्षांची. जिवल्या माणूस देवमाणूस, पण त्याला रातांधळं. सूर्य कलला की त्याला स्वतःचा हात दिसत नसे. आणि संध्याकाळची गाडी नेमकी त्याच वेळी यायची. मग फाटक कोण लावी? बायडी. बत्ती कोण दाखवी? बायडी. वर्षानुवर्षं. गार्डाला ठाऊक, ड्रायव्हरला ठाऊक, मलाही कळलं, आणि आम्ही सगळे मूग गिळून बसलो. वर कळवलं असतं तर जिवल्याची नोकरी जाती आणि फाटकावर नवा माणूस येता, तो काही बायडीइतका जागा राहिला नसता.

एकदा मी रुळांवरून ढकलायच्या ट्रॉलीवरून बोईसरला निघालो होतो. फाटकापाशी गवताच्या वखारवाल्याची जीप उभी. गाडी यायला अजून वेळ आहे, फाटक उघड, म्हणून तो बायडीवर ओरडत होता. तुझ्या नवऱ्याची नोकरी खातो, म्हणाला. बायडीने लुगड्याचा काष्टा खोचला, फाटकाच्या आडव्या दांड्यावर चढून बसली आणि पाय हलवत राहिली. मी ट्रॉली रुळांवरून बाजूला घेतली आणि माझा साहेबी आवाज काढला, अगं सोड त्यांना, मोठी माणसं आहेत. तिने माझ्याकडेही पाहिलं नाही. पाच मिनिटांनी गाडी वळणावरून आली आणि निघून गेली, मग ती खाली उतरली. जीप गेल्यावर मला म्हणाली, बाबू, तू तिकिटं फाड. तिच्या तोंडी सगळ्यांना ‘तू’च. मला तेव्हा मिरच्या झोंबल्या होत्या.

शहाऐंशीच्या पुरात ओहोळावरची मोरी एका बाजूने खचली आणि सागपाणी स्टेशनात कंबरभर पाणी शिरलं. आमचे नकाशे, रजिस्टरं, सगळ्याचा लगदा झाला. ‘पुढील सूचना मिळेपर्यंत गाडी बंद’ हा कागद फलकावर मी माझ्या हाताने चिकटवला. पुढील सूचना अजून मिळायची आहे. तीन वर्षांनी रूळ उचलले, लाकडी स्लीपर गेले, राहिला तो मातीचा भराव आणि मोरीचं दगडी काम. माझी बदली पालघरला झाली. जिवल्याला वैतरण्याकडे रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये घातला, तिथे त्याला तापाने गाठलं आणि दोन वर्षांत तो गेला. बायडी तान्ह्या नीलेशला घेऊन परत फाटकाच्या खोलीवर आली. छपरावर पेंढा घातला, मागे वाल-गवार लावली आणि बोईसरच्या बाजारात डोक्यावर पाटी नेऊन विकायला लागली.

आणि इथे नीट ऐका, कारण सगळं यावरच आहे. रूळ गेले तरी भराव राहिला. हेदपाड्याच्या भोवताली खोलगट भातखाचरं, मध्ये ओहोळ. पावसाळ्यात चार महिने तिथून बाहेर पडायला कोरडी वाट एकच, ती म्हणजे तो भराव. शाळेला जाणारे त्यावरून, एमआयडीसीत पाळीला जाणारे त्यावरून, आजारी माणसाला झोळीत घालून दवाखान्यात नेणारे त्यावरून. लाइन बंद झाली असं म्हणणाऱ्यांनी एकदा आषाढात तिथे उभं राहून माणसं मोजावीत. गाडी होती तेव्हा एवढी माणसं जात नव्हती.

चार वर्षांपूर्वी केतन शेठने भरावाच्या दोन्ही अंगांची जमीन घेतली आणि पुठ्ठ्याचं गोदाम बांधलं. पाड्यातल्या आठ-दहा जणांना हमालीचं काम मिळालं, त्यात नीलेशही होता. नीलेश बायकोला घेऊन सालवडला खोली करून राहतो. त्याला वाटलं, बरं झालं, आईच्या दारातच काम. मग शेठने कुंपणाची भिंत घातली, ती थेट भराव ओलांडून. भरावावर लोखंडी गेट बसवलं. आधी म्हणाला, दिवसा उघडं ठेवतो. मग म्हणाला, माल चोरीला जातो, संध्याकाळी सहाला बंद. गेल्या वर्षी होळीनंतर गेटला कुलूप लागलं ते लागलंच. लोक विचारायला गेले तर म्हणाला, कसली वाट आणि कसली रेल्वे, सगळी जमीन माझ्या खरेदीखतात आहे.

बायडी त्याच आठवड्यात एडवणला माझ्या दारात येऊन उभी राहिली. दोन बस बदलून आली होती. सदुसष्ट वर्षांची बाई, पाटीभर गवार घेऊन. जयवंतीने बस म्हटलं तर बसली नाही. म्हणाली, “बाबू, तू कागदवाला. पावसाच्या आदी वाट उघडून दे.”

मी फुशारकीने हो म्हटलं. आयुष्यभर कागद केले, म्हटलं यात काय आहे. मग अर्ज लिहिले, खेटे घातले, जुन्या मित्रांना फोन केले. महिना-दीड महिना नाकी नऊ आले आणि हाती काही नाही, कारण आमच्या लाइनीचे मोठे नकाशे सागपाणीलाच होते आणि त्यांचं काय झालं ते वर सांगितलंच. शेवटी पाड्यातल्या लोकांनी मोजणीचा अर्ज दिला आणि अंकुश नावाचा सरकारी भूकरमापक नेमला गेला. तरुण पण शांत माणूस, कामाला चोख. त्याने शंभर वर्षांपूर्वीच्या एका नकाशाची नक्कल मिळवली होती. त्यात आमची लाइन दाखवलेली, हद्दीच्या दगडांचे आकडेसुद्धा. मला उडी मारावीशी वाटली. पण तो म्हणाला, काका, नकाशातली रेघ जमिनीवर कुठून धरू? मोरी आहे, ती एक खूण झाली. हद्दीचा एक तरी दगड मूळ जागेवर दाखवा, दोन्ही धरून मी मोजून देतो. दगड गुडघाभर उंच असेल, त्यावर बाण, अक्षरं आणि आकडा कोरलेला असेल.

मे महिन्याच्या उन्हात तीन दिवस मी भरावाच्या कडेने दगड शोधत हिंडलो. करवंदीच्या जाळ्यांत शिरलो, शर्ट फाडून घेतला. एकही दगड नाही. काही लोकांनी घराच्या पायात घातले असतील, काही रूळ उचलणाऱ्यांच्या गाड्यांखाली गेले असतील. तिसऱ्या दिवशी दुपारी बायडीच्या खोलीसमोर बसलो आणि हात टेकले. म्हटलं, बायडी, दगड नाही, वाट गेली. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, कसला दगड? मोजणीचं मी तिच्याशी नीट बोललोच नव्हतो. तिला काय कळतंय, असं कुठेतरी मनात असणार. मी वर्णन केलं. ती म्हणाली, “त्याच्याच तर पाया पडून आलास तू आता.”

मला काही सुधरेना. शेठच्या कुंपणात, भिंतीपासून चार पावलांवर एक छोटं देऊळ होतं. संगमरवरी टाइल, घंटा, स्टीलचं रेलिंग. आत शेंदराचा हा थोरला गोळा. तो फाटकोबा. मंगळवारी शेठ सगळ्यांना दर्शनाला सोडतो, तो मंगळवार होता, आणि मीही जाता जाता हात जोडून दगड सापडू दे म्हणून मागून आलो होतो.

तर फाटकोबाची गोष्ट अशी. लाइन नवी असताना पहिल्याच वर्षी फाटकात एक बैल गाडीखाली गेला. जिवल्याचा आजा तेव्हा फाटकावर. त्याने विचार केला, एवढी मोठी वस्तू शिवारातून धावते आणि तिला कोणी राखणदार नाही, हे बरं नव्हे. लाइन आखणाऱ्या साहेबाने फाटकाशेजारी एक उभा दगड पुरून ठेवलेलाच होता. हद्दीवर उभा दगड म्हणजे देव, हे पाड्यात पोराटोरालाही ठाऊक. त्याने साहेबाच्या अक्षरांवर शेंदूर फासला, कोंबडं कापलं, आणि पुन्हा तिथे जनावर मेलं नाही. पुढे दर वर्षी वाघबारशीला तेल-शेंदूर चढत गेला आणि दगड दिसेनासा झाला. बाकीचे दगड नुसते दगड होते म्हणून गेले. हा देव झाला म्हणून त्याला कोणी हात लावला नाही. शेठने जमीन सपाट करायला यंत्र आणलं तेव्हा पाड्यातला एकही माणूस त्याला हात लावीना. नीलेशने तर शेठला सांगितलं, शेठ, वाटोळं होईल. शेठ भाविक. घाबरला आणि वर देऊळ बांधून दिलं. आपल्याविरुद्धचा साक्षीदार त्या बाबाने स्वतःच्या खर्चाने टाइल लावून सांभाळला होता.

मी हसत सुटलो. बायडी हसली नाही. तिने विचारलं, अक्षरं दिसली नाहीत तर चालणार नाही का? मी म्हटलं, नाही गं, आकडा दिसायला हवा. म्हणजे शेंदूर काढावा लागेल. ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पाड्यात नुसतं विचारलं तरी गहजब झाला. पाड्याचं देवाधर्माचं बघणारा लहान्या भगत म्हणाला, शंभर वर्षांचं देवाचं अंग सोलायचं? पाड्यावर काय येईल ते सांगता यायचं नाही. म्हातारी माणसं त्याच्या बाजूला गेली. बुधी, म्हणजे भगताची बायको आणि बायडीची लहानपणची सोबतीण, तीसुद्धा म्हणाली की असलं करशील तर माझ्या दारात येऊ नकोस. मला राग आला. मी म्हटलं, अरे, तो हद्दीचा दगड आहे, देव कसला? माझी ही जुनी खोड. तोंडातून गेलं आणि सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की आता हा एडवणचा बाबू इथून जिवंत जातो की नाही. बायडीने मला गप्प केलं. ती म्हणाली, “देवच हाय तो. पर देव वाटंवर उभा हाय. वाटच नाय राहिली तं तो काय पुठ्ठ्याचा हिशेब ठेवायला बसलाय? मी त्याला आंघूळ घालनार. पाप लागलं तं मला लागंल.”

कोणीही तिच्या बाजूने बोललं नाही. ती म्हणाली, नका बोलू.

मोजणी मंगळवारीच ठेवायची, ही अक्कल माझी, तेवढं श्रेय मी घेतो. जूनचा पहिला मंगळवार. अंकुश यंत्र घेऊन मोरीपाशी उभा. दर्शनाला गेट उघडलं तशी बायडी आत गेली. डोक्यावर पाटी, पाटीत तेलाची बाटली, नारळ, फुलं आणि खुरपं. मी मागे. पाडा भिंतीच्या बाहेर, कोणी आत येईना. बायडीने फुलं वाहिली, नारळ फोडला, डोकं टेकलं. मग देवाशी बोलली, अगदी शेजारच्या माणसाशी बोलावं तसं. म्हणाली, मी तुझी फाटकवाली, तुझ्यासमोर अकरा वर्षं बत्ती दाखवली, आज तू मला साथ दे. आणि तेल ओतून खुरपं लावलं.

पहिला पोपडा पडला तेव्हा बाहेरून एक हुंदका ऐकू आला. शेठ धावत आला. काय चाललंय, देवाची विटंबना करते, पोलिसांना बोलावतो. बायडी म्हणाली, आंघोळ घालते. शेठच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. गेटातून आत आलेल्या अंकुशच्या हातातला नकाशा दिसला आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने नीलेशला हाक मारली. नीलेश पाठीवरचा गठ्ठा उतरवून आला. शेठ त्याला म्हणाला, आईला घेऊन बाहेर जा, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

नीलेशचा मला तोवर फारसा भरवसा नव्हता, खरं सांगतो. गरीब स्वभावाचा, मान खाली घालून चालणारा. तो तसाच उभा राहिला. बायडीने मागे वळून पाहिलंच नाही, खुरपं चालूच. तेल थंड, शेंदूर दगडासारखा, निघता निघेना. नीलेश वळला आणि गोदामात गेला. मी मनात म्हटलं, गेला. दोन मिनिटांत तो हमालांच्या चहाचं पातेलं घेऊन आला, त्यात उकळतं पाणी. आईशेजारी बसला आणि म्हणाला, सरक, मी ओततो, तू खरवड. शेठकडे त्यानेही पाहिलं नाही.

गरम पाण्याने शेंदराची अख्खी खोळ सुटून हातात आली. आत काळा दगड. त्यावर बाण, दोन इंग्रजी अक्षरं आणि खाली आकडा, एक्केचाळीस. अंकुशने नकाशा पुढे धरला, बोट ठेवलं, एक्केचाळीस. माझे डोळे भरून आले, आणि मी काही रडका माणूस नाही. मोजणी दुपारपर्यंत चालली. भिंतीचे चौदा फूट रेल्वेच्या हद्दीत होते आणि गेट तर पूर्णच.

मी आनंदाने बायडीचे हात धरले. तेवढ्यात अंकुश, तो सरळ माणूस, म्हणाला की आजी, एक सांगायला हवं. भिंत चुकीची आहे हे मी लिहितो. पण जमीन रेल्वेची निघाली. वाट तुमची आहे असंही मला लिहिता येणार नाही. आता रेल्वेचे लोक येतील, संयुक्त मोजणी होईल, दगड पुन्हा बघतील, मग भिंत निघेल. पुढचं ते ठरवतील. मला कोणी थोबाडीत मारावी तसं झालं. बायडीने शांतपणे विचारलं, भिंत निघंल ना? तो हो म्हणाला. बायडी म्हणाली, मग बस.

नीलेशची हमाली त्याच संध्याकाळी गेली. बायडीशी पाडा बोलेनासा झाला. आणि शेठने डोकं चालवलं. त्याने पाड्यात निरोप धाडला, देव उघडा पडलाय, पाप झालंय, येत्या मंगळवारी मोठी पूजा करतो, देवाला नव्याने शेंदूर चढवतो, सगळ्या पाड्याला जेवण. लोकांना हायसं वाटलं. मला मात्र घाम फुटला. नवा शेंदूर चढला की आकडा झाकला, आणि एकदा का भगताच्या हातून चढला की तो पुन्हा काढू देणार कोण? संयुक्त मोजणीला अजून पंधरा दिवस होते. हा दगड आमचा नवाच आहे, खाली आकडाबिकडा काही नाही, असं शेठने म्हटलं असतं तर भांडत बसावं लागलं असतं पुन्हा, आणि पाऊस काही थांबला नसता.

मंगळवारी मी पोचलो तेव्हा सगळा पाडा कुंपणात होता. पातेली चुलीवर. देवळापुढे बायडी बसली होती, दगडाला पाठ लावून. सकाळी गेट उघडल्यापासून बसली होती म्हणे. शेठने भगताच्या हातात शेंदराचं ताट दिलं. लहान्या भगत पुढे आला आणि म्हणाला, ऊठ. ती उठली नाही. म्हणाला, देवाला उघडं ठेवायचं का? बायडी म्हणाली, “लहान्या, श्रावणात तुला फुरसं चावलं तवा तू देवाला बोलवलास, आनि आमी तुला झोळीत घातला. मी, बुधी आनि चार गडी. ह्याच भरावावरून पळालो. डाक्टर म्हनाला, घटकाभर उशीर झाला असता तं नाय. औंदा चावलं तं कुठून नेऊ, ते सांग आनि लाव शेंदूर.”

बुधी पुढे आली आणि बायडीच्या शेजारी बसली. तिने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. भगत ताट घेऊन उभा. त्याने डोळे मिटले, घुमल्यासारखं केलं, आणि बऱ्याच वेळाने डोळे उघडून म्हणाला, देव बोलला, शेंदूर नको. ऊन लागतंय ते बरं वाटतंय. आता देव खरंच बोलला की नाही ते लहान्या जाणे. मी तिथेच होतो, मला तर काही ऐकू आलं नाही. पण मी पहिल्यांदा त्या दगडापुढे मनापासून हात जोडले. जेवण तयार होतं ते सगळे जेवले, बायडीसुद्धा. अन्नावर तिचा राग नव्हता.

ठरल्या दिवशी संयुक्त मोजणी झाली, आकडा जुळला आणि भरावापुरती भिंत आणि गेट दोन्ही काढून टाकलं. पावसाने आठ दिवस उशीर केला होता, तेवढं आमच्या पथ्यावर पडलं. नीलेश आता एमआयडीसीत दुसऱ्या ठिकाणी लागलाय आणि पाळीला त्याच वाटेने जातो.

गेल्या आठवड्यात मी बायडीला भेटायला गेलो तर भरावावर मोरीच्या अलीकडे नवाकोरा फलक उभा. पिवळा रंग, काळी अक्षरं, शेजारी दोन खांब. बायडी बाजाराला निघाली होती, डोक्यावर गवारीची पाटी. मागे शाळेच्या पोरी, त्यांच्या मागे पाळीवाले. तिने मला थांबवलं आणि म्हणाली, बाबू, वाच. मी वाचून दाखवलं. ही रेल्वेची मालमत्ता आहे, प्रवेश मनाई, आत येणाऱ्यावर कारवाई होईल.

तिने ते नीट ऐकून घेतलं. पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, “बरा लिवलाय. गाडी घेऊन या म्हनावं, मी फाटक लावते.” आणि पाटी सावरून फलकाच्या बाजूने पुढे निघाली. पोरी तिच्या मागून गेल्या, पाळीवाले गेले, आणि मीही गेलो.